वाघदेवासाठी बसलेला बोका

तमाम रसिक नागरिक, पशुपालक आणि विशेषतः खालापूर तालुक्यातील गाईम्हशी यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावचा वाघ काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत मांजर झाला. सदर घटनेत कोणतीही जीवितहानी झालेली नाही. एका गाईच्या नाकाला पिवळा रंग लागला, तो आठवड्याभरात गेला. घटनेस सर्वस्वी मी जबाबदार असून अन्य कोणावर संशय घेऊ नये.

आता बसा. सांगतो.

मी दहिवलीत राहतो आणि कर्जतच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकला शिकवतो म्हणजे, दहावीचं गणित मागे पडलं की माझा तास गणिताच्या बाई घेतात आणि मी शिक्षकांच्या खोलीत बसून चित्रं बघतो. या मोकळ्या वेळातून मला एक नाद लागला. जगात जिथे जिथे कोणी मांजर रंगवलं असेल, कोरलं असेल, ओतलं असेल, त्याचं चित्र जमवायचं. जुनी मासिकं, कॅलेंडरं, पुस्तकांची फाटकी पानं, अलीकडे इंटरनेट. एक कपाट भरलं. खरं मांजर मात्र आमच्या घरात नाही, कारण मांजर चार हातांवर आलं तरी मला शिंका सुरू होतात. बायको म्हणते, "तुमचं प्रेम कागदावरचं आहे, म्हणून टिकलंय."

तर आमच्या इथल्या वाचनालयात महिन्याला एक व्याख्यान असतं. त्या महिन्यात आरोग्यावर बोलणारे डॉक्टर आयत्या वेळी आले नाहीत आणि ग्रंथपालांनी मला पकडलं. "सर, तुमची ती मांजरं दाखवा ना." मी आदल्या दिवसापासून आरशासमोर उभा होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टर येणार नाहीत अशी मला आतून खात्रीच होती.

श्रोते सतरा. त्यांत माझी बायको आणि माझे सासरे. सासरे खालापूरकडचे, भातशेती करणारे, ऐंशीच्या घरातले. उजवा हात थरथरायला लागला म्हणून कर्जतला डॉक्टरांना दाखवायला आमच्याकडे आलेले. पांढरी टोपी, काठी दोन गुडघ्यांच्या मधे, पहिल्या रांगेत मधोमध. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि माझ्या माघारी मास्तर.

पडद्यावर पहिलं चित्र आलं. इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवरचं, हजारो वर्षांपूर्वीचं. बाईसाहेब खुर्चीवर थाटात बसल्यात आणि खुर्चीखाली त्यांचं मांजर मासा खातंय. मी आवाज खाली आणून म्हणालो, "या देशात मांजराची देवी होती. मांजर मेलं की घरातली माणसं भुवया काढून टाकत." मागून एक बाई म्हणाल्या, "आणि आमचं मेलं जिवंतपणीच माझ्या भुवया उतरवतं. तेही खुर्चीखालीच बसून खातं हो!" व्याख्यान रंगू लागलं.

मग महाबलीपुरम. भल्यामोठ्या कातळावर देव, ऋषी, हत्ती कोरलेत आणि त्यांत एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर नेऊन तप करतंय. पायाशी उंदीर. यावर तीन-चार जणांनी एकाच वेळी आपापल्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव घेतलं. मग बंगालमधलं कालीघाटचं चित्र. कपाळावर गंध लावलेलं वैष्णव मांजर आणि तोंडात कोळंबी. ढोंगी साधूंवर टीका आहे, असं मी सांगू लागलो, पण ती कोळंबी की झिंगा यावर सभागृहात दोन तट पडले आणि टीका राहून गेली. मग युरोपातल्या जुन्या पोथ्यांतली मांजरं, ज्यांचे चेहरे तहसील कचेरीत चौथ्यांदा हेलपाटा घातलेल्या माणसासारखे असतात. मग चीनमधलं फुलपाखराकडे टक लावून बसलेलं मांजर. तिकडे ते दीर्घायुष्य चिंतायला भेट देत.

आणि मग आला जपान. इथे मी माझं खास अस्त्र काढलं.

"मंडळी," मी म्हणालो, "जपानात वाघ नव्हता. पण चित्रकारांना वाघ काढायची फार हौस! मग त्यांनी काय केलं? परदेशातून आलेलं वाघाचं कातडं समोर टांगलं आणि बाकीचा वाघ घरच्या मांजरावरून काढला!" पडद्यावर वाघ आला. पट्टे जोरदार. पण पाठ मऊ, पंजे उशीसारखे, आणि डोळे? "डोळे बघा! वाघाची बाहुली गोल असते, आपल्यासारखी. उजेडात मांजराची बाहुली होते उभी चीर. आणि या वाघाच्या डोळ्यांत उभ्या चिरा! म्हणजे हा वाघ नाही, वाघाचा स्वेटर घातलेलं मांजर आहे!" सभागृह हसलं. मी हात पसरून, मान हलवून, अगदी कीव आल्यासारखा म्हणालो, "बिचारे! ज्याने वाघ पाहिला नाही, त्याने वाघ काढू नये!"

सासऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली. "बरोबर बोल्ले जावईबापू! बघितल्याबिगर काढायचा नाय!"

त्या एका दादेने मी फुगलो. एवढा फुगलो की पुढचं सगळं त्यातून झालं.

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमी वाघ बघितलाय का वो?"

"हो तर!" मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. पंचविसेक वर्षांपूर्वी मुंबईला मुलांची सहल घेऊन गेलो असताना प्राणिसंग्रहालयात मी वाघ पाहिला होता. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, गाढ झोपलेला. दोन कान, एक शेपूट आणि मधे बरीचशी पाठ. आम्ही अर्धा तास थांबलो, तो वळला नाही. पण सासऱ्यांनी विचारलं नाही की कुठल्या बाजूने, आणि मीही सांगितलं नाही.

"मंग माझं एक काम करा," ते म्हणाले. वरणभात कालवता कालवता त्यांचा हात थरथरत होता. बायको दुसरीकडे बघत होती.

काम असं होतं. सासऱ्यांच्या गावी शिवाराच्या कडेला, जिथून जंगलाकडची वाट सुरू होते तिथे, एका ऐनाच्या झाडाखाली पुरुषभर उंचीचा सपाट दगड आहे. तो वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. त्या दिवशी गावातली सगळी गुरं या दगडासमोरून नेतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर गुरांना हात लावू नको म्हणून वाघाला सांगतात. दगडावर दर वर्षी नवा वाघ रंगवायचा. तो रंगवायचा मान माझ्या सासऱ्यांच्या घराचा. त्यांच्या आजोबांनी काढला, वडिलांनी काढला, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षं हे काढत होते. घरची शिस्त एकच. ज्याने वाघ डोळ्यांनी पाहिलाय त्यानेच काढायचा. सासऱ्यांनी पाहिला होता. विशीत असताना, ओढ्यावर बैल पाजायला नेले होते तेव्हा, समोरच्या काठावर. तसा तो बिबट्या. पण आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. "त्येनं मला बघितला, मी त्येला बघितला. मंग तो पानी प्याला आन गेला. तवापासून ह्या डोळ्यांत हाय." त्यांचा वाघ मी लग्नानंतर पहिल्या दिवाळीत बघितला होता. हात न उचलता ओढलेली एक रेघ, त्या रेघेतच पाठ, शेपूट आणि मान. मी कला महाविद्यालयात पाच वर्षं काढली, मला तसली रेघ एकदाही आली नाही.

पण गेल्या वर्षी त्यांच्या हाताने दगा दिला. रेघ भाताच्या बांधासारखी खाली-वर झाली, वाघाचे पाय पाच दिसू लागले. गावात मोठी माणसं गप्प बसली. तरण्यांनी मोबाइलवर फोटो फिरवले.

आणि मग सासऱ्यांचा पुतण्या उठला. हा रसायनीला कारखान्यात नोकरीला, चांगला मुलगा, हौशी, गावच्या प्रत्येक कामात पुढे. त्याने गावच्या बैठकीत सांगितलं, "तात्यांचा हात चालत नाय, त्यांना कशाला तरास? मी फायबरचा वाघ आणतो. खोपोलीच्या पुढं बनवतात. खऱ्या वाघावाणी. एकदा बसवला की वीस वर्षं बघायला नको." बैठकीत ठरलं, यंदा तात्यांचा वाघ नीट उभा राहिला तर ठीक, नाहीतर फायबर.

"मला हात चालत नाय ह्येचं वाईट नाय वाटत," सासरे म्हणाले. "वय झालं, हात जायाचाच. पर माज्यासमोर त्या दगडाला पाठ करून पिलास्टिकचा वाघ हुबा केला, तर माज्या बापाचा, आज्याचा वाघ तितंच संपला. आन तो संपवनारा मी ठरंन." ते पाणी प्यायले. भांडं दोन्ही हातांनी धरून. "तुमी जावई. घरातलंच मानूस. तुमी काडा. डोळ्यांनी बघितलेला हाय ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला तो पाठमोरा वाघ माहीत होता. त्या सहलीत तीही होती. मी म्हणालो, "मामा, निश्चिंत राहा."

वाघबारशीच्या दोन दिवस आधी आम्ही गावी पोचलो. भात पिवळं पडून ओणवं झालं होतं, बांधाबांधावर लोक विळ्यांना धार लावत होते. मी फोनमध्ये वाघाचे साठेक फोटो भरून नेले होते. समोरून, बाजूने, उडी मारताना, जांभई देताना. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग, ब्रश आणि फोन घेऊन निघालो, तर ओटीवरून सासरे म्हणाले, "फोन घरात ठेवा, जावईबापू. फोटूवरनं काडलेला वाघ क्यालेंडरचा. देवाचा नाय."

मी फोन ठेवला. बायकोने तो माझ्याकडे बघत फळीवर सरकवला.

दगड काथ्याने घासून, चुना लावून तयार होता. मी आधी वहीत काढून पाहिलं. कान उत्तम आले. शेपूट अप्रतिम. पाठीबद्दल तर बोलायलाच नको. मग वाघ समोरून काढायला घेतला आणि लक्षात आलं की वाघाला समोरून काय असतं हे मला हातात येत नाही. डोक्याला माहीत, हाताला नाही. साठ फोटो घरात फळीवर.

तेवढ्यात सासूबाई न्याहारी घेऊन आल्या आणि त्यांच्या मागे त्यांचा बोका आला. भाताच्या पोत्यांवर लोळून वाढलेला, तांबूस, अंगभर गडद पट्टे, मान अशी जाड की गळ्यात घंटा बांधायची म्हटलं तर बैलाची लागली असती. तो दगडासमोर येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे त्याने असं बघितलं, की इथे वाघ कोण आहे हे ठरवूनच टाका.

मला जपान आठवला. खरंच आठवला. पण मी स्वतःला समजावलं की त्यांच्याकडे फक्त कातडं होतं. माझ्याकडे पाठ, कान आणि शेपूट प्रत्यक्ष पाहिल्याचा अनुभव आहे. उरलेला थोडासा भाग बोक्यावरून घेतला तर कुठे बिघडलं?

"सासूबाई, याला जरा इथे बसवून ठेवता येईल?"

"सुकट टाकली की बसंल," त्या म्हणाल्या. "पर त्येला कशाला बसवताव?"

"सोबत," मी म्हणालो.

बोका सुकट खाऊन बसला. मला हवा होता उभा, गुरगुरणारा. तो पुढचे दोन्ही पाय छातीखाली घेऊन, पावासारखा फुगून बसला आणि डोळे अर्धे मिटले. मी म्हटलं, असू दे, विश्रांती घेणारा वाघ. राजस. मी पहिली रेघ ओढली आणि शिंकलो.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "अगं बाई! देवाच्या कामाला शिंक? पानी प्या. परत सुरू करा."

पाणी प्यायलो. ब्रश टेकवला. शिंक. पाणी. ब्रश. शिंक. असं किती वेळा झालं विचारू नका. दुपारपर्यंत माझ्या पोटात पाण्याची विहीर झाली होती आणि वाघाच्या पाठीवर दोन पट्टे शिंकेच्या झटक्याने वाकडे गेले होते, जे पुढे गावात फार वाखाणले गेले. पण एकदा रंगात आलो आणि भान हरपलं. पिवळा, त्यावर गेरू, त्यावर काळा. मिशांचा एकेक केस. नाकाची ओली चमक. शेवटी डोळे. ऊन माथ्यावर होतं, बोक्याच्या बाहुल्या सुईसारख्या झाल्या होत्या, आणि मी त्या सुया हुबेहूब, अगदी आनंदाने, जशाच्या तशा दगडावर उतरवल्या. वाचनालयात ज्यांची मी एवढी खिल्ली उडवली होती, त्याच त्या उभ्या चिरा. ब्रश धुताना शीळ घालत होतो.

बायको चहा घेऊन आली. पेला दगडाच्या पायाशी ठेवला आणि मान तिरकी करून वाघाकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "याला कुणी जेवायला घातलं नाही का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आता उठून माझ्या पायात घोटाळेल असं वाटतंय."

मी चार पावलं मागे गेलो आणि पहिल्यांदा सगळा वाघ एकदम पाहिला. तिथे पुरुषभर उंचीचा, सुंदर पट्ट्यांचा, पाय पोटाशी घेऊन बसलेला बोका होता. सुकट पचवत होता.

पुसायला चिंधी उचलली तोच बांधावरून काठीचा आवाज आला.

सासरे दगडासमोर उकिडवे बसले. काठी आडवी ठेवली. मला वाटतं शाळेच्या तपासणीलाही मी इतका ताठ उभा राहिलो नसेन.

"जावईबापू, वाघ कुठं बघितला व्हता तुमी?"

"मुंबईला. पिंजऱ्यात."

"त्वांड बघितलं व्हतं?"

मी ब्रशचं टोक निरखू लागलो. बायको म्हणाली, "नाय बाबा. झोपला होता. पाठ बघितली."

"हां," सासरे म्हणाले. "पाठ वाघाची हाय. कान बी. म्होरं मातर आमचा बोक्या हाय."

"हो मामा."

"आन तुमी त्या जपानवाल्यांना हसला."

मी हातातल्या चिंधीची घडी घातली. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं हात थरथरतोय तो आता अंगभर पसरला. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. "उद्या समदा गाव येनार," ते म्हणाले.

"मामा, मी पुसतो. रात्रभर बसून तुम्ही सांगाल तसा काढतो."

"डोळं उघडलं तुमी," ते म्हणाले. "डोळं उघडलं की देव जागा झाला. आता वरसभर पुसायचा नाय. माज्या बापानं एकदा शेपटी इसरली व्हती, तो वाघ बारा म्हैनं बिनशेपटीचा ऱ्हायला."

त्यांनी ब्रश मागितला. मी काळा रंग दिला. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं, श्वास रोखला आणि दगडाजवळ गेले. ब्रशचं टोक हवेत थरथरत होतं. दगडाला टेकलं आणि थांबलं. सावकाश, अगदी सावकाश, त्यांनी एक बाहुली गोल केली. मग दुसरी. वर्षभरात त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता.

"वाघाची बाहुली गोल असती," ते म्हणाले. "आता निदान डोळं तरी माजं हायत."

डोळे खरोखर वाघाचे झाले होते. पण त्या चेहऱ्यात ते गोल, मोठे, काळेभोर डोळे बसले आणि आधी नुसता आळशी दिसणारा बोका आता दुधाची वाटी बघितल्यासारखा दिसू लागला. बायकोने तोंडाला पदर लावला. मी ऐनाच्या झाडाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलताना, गाव जमलं. गुरांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं. दगडावर सासऱ्यांनी फडकं टाकलं होतं. पहिली गाय यायच्या वेळी काढायचं असतं म्हणाले. असतं का, मला माहीत नाही. पहिली गाय मानाने पुतण्याच्या घरची. त्याची आई, म्हणजे माझी चुलत सासू, बांड्या गाईचा दोर हातात धरून सगळ्यांत पुढे उभी. गावात सगळ्यांत तिखट जीभ तिची. माझ्या लग्नात तिने मला वरपासून खालपर्यंत बघून "उंची लग्नानंतर वाढते का?" असं विचारलं होतं.

आणि तेवढ्यात टेंपो आला.

पुतण्याने खाली उडी मारली. "तात्या, राग नका मानू. तुमचा वाघ तर हायच. पण बुकिंग केलं व्हतं, आणलाय तर लोकांनी बघून तरी घ्यावा. दोनी शेजारी ठेवू. गाव ठरवंल."

सासरे म्हणाले, "ठेव बाबा." आवाज अगदी साधा. काठी मात्र जमिनीवर टकटक करत होती.

चौघांनी वाघ उतरवला. वाघ कसला, महाराज! उभा, एक पाय उचललेला, जबडा वासलेला, लालभडक जीभ, एकेक दात बोटाएवढा. पुतण्याने बांधलेलं प्लास्टिक फाडलं, अर्धं खाली पडलं, अर्धं वाघाच्या मानेला अडकून राहिलं. गावातून "आई गं!" असा आवाज निघाला. खरं सांगतो, मीही दोन पावलं मागे सरलो. याच्या शेजारी आता फडक्याखालून माझा बोका निघणार होता.

चुलत सासूने गाय पुढे घातली. वारा सुटला. वाघाच्या मानेचं प्लास्टिक फडफडफड वाजलं. गाय वाघाला बिथरली की प्लास्टिकला, यावर आजही गावात वाद आहे. पण तिने जे डोळे फिरवले आणि जी उडी घेतली! दोर हातातून सुटला, झेंडूची माळ तुटली, मागची गुरं चौफेर. खिरीचं पातेलं एका बाईने डोक्यावर धरून वाचवलं. बांडी गाय थेट पुतण्याच्याच भातात घुसली आणि तिच्या मागे पुतण्या, त्याच्या मागे टेंपोवाला, त्याच्या मागे सगळे तरणे. उभं भात आडवं झालं.

गाय धरून आणेस्तोवर ऊन डोंगराआड गेलं होतं. चुलत सासूला धाप लागली होती, पदर कंबरेला, केसांत भाताच्या लोंब्या. तिने फायबरच्या वाघाला एक मोठा वळसा घातला आणि गाय दुसऱ्या बाजूने दगडासमोर आणून उभी केली. सासऱ्यांनी फडकं काढलं.

गाय थांबली. कान पुढे केले. मान लांब करून दगडाचा वास घेतला आणि वाघाच्या गालाला नाक घासलं. गाईचं नाक ओलं आणि रंग कच्चा होता. नाक पिवळं झालं. मग तिने एक सुस्कारा सोडला आणि शांतपणे पुढे चालायला लागली. तिच्या मागून बाकीची गुरं, एकापाठोपाठ एक.

मग गावाने पहिल्यांदा वाघाकडे नीट पाहिलं. पाय पोटाशी घेऊन, गोल डोळे करून, तोही गावाकडे बघत होता. त्यातच भर म्हणून सासूबाईंचा बोका खिरीच्या वासावर आला आणि दगडाखाली, पाय पोटाशी घेऊन, गोल डोळे करून बसला. मला शिंक आली; ती मी गिळली.

बैठकीतले एक म्हातारे पुढे आले. "तात्या, ह्यो वाघ हाय?"

सासऱ्यांनी मान वर केली. म्हणाले, "जावयानं काडला. डोळं मी उघडलं. जो काय हाय त्यो आमच्या घरचा हाय."

पुतण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

थोडं थांबवतो. पुढचं एक वाक्य ऐकलं की तुम्ही उठून जाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. फायबरचा वाघ आता पुतण्याच्या अंगणात असतो. त्याच्या जबड्यात चिमण्यांनी घरटं केलंय आणि पुतण्या पिल्लं उडेपर्यंत कोणाला तिथे फोटो काढू देत नाही. दगडावरचा वाघ दर वर्षी नवा होतो. देह मी काढतो, शिंकत. डोळे सासरे उघडतात, मनगट धरून. पाय पोटाशीच हवेत आणि तोंड तेच हवं, असं आता गावच बजावतं. गेल्या साली मी जरा वाघासारखा काढू पाहिला तर बायकांनी हरकत घेतली. नैवेद्याची पहिली वाटी बोक्याला जाते. आणि वाचनालयात पुन्हा मांजरं दाखवली तेव्हा जपानच्या चित्रकारांपाशी आल्यावर मी कान पकडले आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्यांच्या वाघानंतर आता आमचा दगड दाखवतो.

तर पुतण्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आईने त्याला हाताने मागे सारलं. दगडाकडे बघितलं, खालच्या बोक्याकडे बघितलं, आडव्या झालेल्या आपल्या भाताकडे बघितलं, आणि सगळ्या गावासमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "ह्योच बरा हाय गं बायांनो! ह्यो काय आपली गुरं खायाचा नाय, लय झालं तर दूध पिऊन जाईल!"